श्रीलंकेच्या जोडीदाराला भारतात आणताना: लग्नाची नोंद, एन्ट्री व्हिसा आणि पुढची वाट

भारताच्या व्हिसाच्या यादीत ‘मॅरेज व्हिसा’ नावाचा प्रकारच नाही. भारतीय नागरिकाच्या परदेशी पतीला किंवा पत्नीला मिळतो तो ‘एन्ट्री व्हिसा’. स्टिकरवर त्याचे अक्षर ‘एक्स’ असते, म्हणून बोलताना सगळे त्याला एक्स व्हिसाच म्हणतात. हे आधी सांगायचे कारण असे की मॅरेज व्हिसा शोधत शोधत माणसे एजंटाच्या दारात पोचतात आणि शेवटी पर्यटक व्हिसा हातात घेऊन बाहेर पडतात. त्या व्हिसावर संसार मांडता येत नाही.

हा लेख श्रीलंकेच्या नागरिकाशी लग्न करणाऱ्यांसाठी आहे. आखातातल्या नोकरीत, शिक्षणाच्या निमित्ताने किंवा महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांच्या श्रीलंकेशी असलेल्या धम्माच्या ओळखीतून अशी लग्ने जुळतात. शेजारी सारे असले तरी प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना भारतात राहायला व्हिसा लागत नाही. बांगलादेशी जोडीदारालाही एन्ट्री व्हिसाच लागतो, पण पुढे ओसीआय कार्डाची (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, म्हणजे भारतात व्हिसाशिवाय राहू देणारे कार्ड) वाट त्यांना बंद आहे. पाकिस्तानच्या नागरिकांचे नियम पूर्ण निराळे आहेत, म्हणून ते इथे घेतलेले नाहीत. खाली सोयीसाठी ‘सून’ म्हटले आहे. जावई श्रीलंकेचा असला तरी नियम तेच.

या साऱ्या कामात कागद थोडे, पण त्यांचा क्रम फार महत्त्वाचा. आधी नाव पक्के करायचे, मग लग्नाची नोंद, मग व्हिसा, मग पोलीस नोंदणी, आणि नाव बदलायचेच असेल तर ते सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की तोच कागद दोनदा काढावा लागतो, तोही समुद्रापलीकडून.

पहिले काम: नाव

श्रीलंकेची, विशेषतः सिंहली, नावे लांब असतात. घराण्याचे नाव सुरुवातीला, मग दोन-तीन दिलेली नावे, शेवटी आडनाव. शाळेच्या दाखल्यावर यातली निम्मी आद्याक्षरांत आटोपलेली असतात. पासपोर्टवर मात्र ती पूर्ण असतात. तमिळ कुटुंबांत वडिलांचे नाव आद्याक्षर म्हणून किंवा आडनावाच्या जागी येते. आपल्याकडची रीत तिसरीच: स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

म्हणून लग्न ठरल्यावर खरेदीला जाण्याआधी एक कागद घ्या. त्यावर दोघांचीही नावे पासपोर्टवर आहेत तशी, अक्षर न अक्षर इंग्रजीत उतरवा. आई-वडिलांची नावे, जन्मतारीख आणि जन्मगावही लिहा. यापुढे जो कोणी फॉर्म भरेल, मग तो रजिस्ट्रारचा कारकून असो की घरातला भाचा, त्याच्यासमोर हा कागद हवा.

महाराष्ट्रात विवाहाचा दाखला बऱ्याचदा मराठीत किंवा दोन्ही भाषांत मिळतो. सिंहली नाव देवनागरीत कसे लिहावे याचा ठरलेला नियम नाही, आणि देवनागरीतून परत इंग्रजीत नेताना ते हमखास बदलते. दाखल्याचा मसुदा सहीला येतो तेव्हा इंग्रजी नाव पासपोर्टशी ताडून पाहा. सही झाल्यावरची दुरुस्ती म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा प्रतिज्ञापत्र.

आता नाजूक मुद्दा. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात सुनेचे नवे नाव लिहितात. ते घरात, पत्रिकेत, नात्यागोत्यात खुशाल वापरा. पण विवाहाच्या दाखल्यावर, विमानाच्या तिकिटावर, बँकेत किंवा व्हिसाच्या अर्जात ते येता कामा नये. पासपोर्टवर जे नाव आहे तेच तिचे कायदेशीर नाव. नवे नाव कागदावर हवेच असेल तर श्रीलंकेचा पासपोर्ट त्या नावाने नवीन काढायचा आणि बाकी कागद त्यामागून बदलायचे. आमचे मत विचाराल तर ओसीआय हातात येईपर्यंत नावाला हात लावू नये.

लग्न कुठे नोंदवायचे

दोन मार्ग आहेत, भारतात किंवा श्रीलंकेत. धार्मिक विधी कुठेही, कितीही वेळा करा. व्हिसासाठी मोजला जातो तो नोंदणीचा दाखला. मंदिराचे, विहाराचे किंवा चर्चचे प्रमाणपत्र एकटे पुरत नाही.

भारतात सर्वांत निर्धोक रस्ता म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. धर्म कोणताही असो, एक जण परदेशी असो, या कायद्याखाली लग्न होते. दोघांपैकी किमान एक जण नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा लागतो. ही अट पुण्याचा किंवा नाशिकचा मुलगा एकटाही पूर्ण करतो, सुनेला महिनाभर आधी येऊन राहावे लागत नाही. नोटिशीवर मात्र दोघांच्या सह्या हव्यात. नोटीस लागल्यावर हरकतींसाठी ३० दिवस जातात, त्यानंतर विवाह अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांच्या उपस्थितीत लग्न होते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस रद्द होते आणि सारे पहिल्यापासून करावे लागते.

इथेच दिवसांचा हिशेब चुकतो. मुलगी ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर येते. पहिले दोन-तीन दिवस पाहुणचारात जातात, चौथ्या दिवशी नोटीस दिली जाते, आणि हरकतीची मुदत संपते तेव्हा तिच्या व्हिसाची मुदत उलटून गेलेली असते. त्यामुळे या मार्गाने जायचे तर जास्त मुदतीचा पर्यटक व्हिसा घ्या आणि त्यावर एका खेपेत किती दिवस राहता येईल ते आधी वाचा. नाहीतर दोन खेपांची तयारी ठेवा: पहिल्या खेपेत नोटीस, दुसऱ्या खेपेत तीन महिन्यांच्या आत लग्न.

विवाह अधिकारी परदेशी पक्षाकडे साधारणपणे पासपोर्ट, चालू व्हिसा, जन्मदाखला, छायाचित्रे आणि तिचे आधी लग्न झालेले नाही किंवा लग्नाला कायद्याची आडकाठी नाही असे तिच्या देशाचे प्रमाणपत्र मागतात. मुंबईत श्रीलंकेची वकिलात आहे, तिथे चौकशी करून हे प्रमाणपत्र कुठून काढायचे ते ठरवा. जन्मदाखला सिंहलीत किंवा तमिळमध्ये असेल तर श्रीलंकेतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून इंग्रजी प्रत करून आणा. ओळखीच्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही.

आधी घटस्फोट झालेला असेल तर अंतिम हुकूमनाम्याची प्रत लागते. श्रीलंकेत न्यायालय आधी ‘निसाय’ हुकूमनामा देते आणि साधारण तीन महिन्यांनी तो अंतिम होतो. पहिला कागद घेऊन आलेल्यांना परत जावे लागते. भारतीय पक्षाच्या बाबतीतही अपिलाची मुदत उलटलेली असावी लागते.

दोघेही हिंदू किंवा बौद्ध असतील तर हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून महापालिकेत नोंद करता येईल, असे बरेच जण सुचवतात. कायदा बौद्धांनाही लागू आहे हे खरे. पण परदेशी पासपोर्ट पाहिला की वॉर्ड ऑफिसातले अधिकारी बहुधा विवाह अधिकाऱ्याकडे बोट दाखवतात. फेऱ्या वाचवायच्या तर सरळ विशेष विवाह कायद्याकडे जावे. गोव्यात मात्र नोंदणी तिथल्या नागरी संहितेप्रमाणे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे, दोन टप्प्यांत होते. तिथल्या कुटुंबांनी महाराष्ट्राचा अनुभव प्रमाण मानू नये.

श्रीलंकेत लग्न करायचे असेल तर १ जानेवारी २०२२ पासून परदेशी नागरिकासाठी तिथल्या संरक्षण मंत्रालयाच्या सुरक्षा मंजुरीची आणि आरोग्याविषयीच्या कागदाची अट आली होती; त्यातले आज काय लागते ते आधी विचारून घ्यावे लागते. त्यामुळे ‘चार दिवस कोलंबोला जाऊन लग्न उरकून येऊ’ असा बेत धरू नका. सुनेच्या माहेरच्यांनी त्यांच्या विभागीय सचिवालयातल्या रजिस्ट्रारकडे आधी जाऊन सध्याची कागदांची यादी लिहून आणावी. भारतीय मुलाने जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र इथून साक्षांकित करून न्यावे: आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, मग श्रीलंकेच्या वकिलातीचा शिक्का. लग्न झाले की निबंधकाकडून दाखल्याची इंग्रजी प्रत घ्यावी आणि ती श्रीलंकेच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागातून साक्षांकित करून घ्यावी. कोलंबोत असतानाच दोन-तीन साक्षांकित प्रती काढून ठेवा. पुढे ओसीआयला, बाळाच्या पासपोर्टला आणि बँकेला त्या लागतात.

पर्यटक व्हिसावर येऊन इथेच बदलून घ्यावा का?

हा प्रश्न सगळे विचारतात. भारतात असताना भारतीयाशी लग्न झाले तर चालू व्हिसा एन्ट्री व्हिसात बदलून मागता येतो. त्यासाठी विवाहाचा नोंदणी दाखला, भारतीय जोडीदाराचे हमीपत्र, राहत्या घराचा पुरावा आणि दोघे एकत्र राहतात असा पोलिसांचा अहवाल लागतो. पण ई-व्हिसा वाढवता किंवा बदलता येणार नाही, अशाच अटीवर दिला जातो. शिवाय चौकशीला किती दिवस लागतील ते कोणाच्याच हातात नसते, आणि तोवर मूळ व्हिसाची मुदत सरत असते.

आम्ही सुचवू ती वाट साधी आहे. लग्नाची नोंद करा, दाखला घ्या, सुनेला श्रीलंकेला परत जाऊ द्या आणि तिथून एन्ट्री व्हिसाचा अर्ज करा. एक विमानप्रवास जास्त होतो, पण मुदत संपत आल्याची टांगती तलवार राहत नाही. बदल मागणे राखून ठेवा ते परत जाणे खरोखरच शक्य नसेल तेव्हासाठी, उदाहरणार्थ गरोदरपणात डॉक्टरांनी प्रवास मना केला असेल तर.

सून दुबईत किंवा दोह्यात नोकरीला असेल तर ती तिथल्या भारतीय दूतावासातही अर्ज करू शकते. मात्र तिथला रहिवासी परवाना चालू हवा. परवाना नसताना तिसऱ्या देशातून केलेला अर्ज मायदेशाकडे विचारणेसाठी जातो आणि वेळ वाढतो.

ऑनलाइन अर्ज: जिथे सगळे अडखळतात

अर्ज भारत सरकारच्या ‘इंडियन व्हिसा ऑनलाइन’ या संकेतस्थळावर भरायचा. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना ते पाहा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जास्तीचे पैसे घेतात. मुखपृष्ठावर ई-व्हिसा आणि नियमित व्हिसा असे दोन दरवाजे असतात. एन्ट्री व्हिसासाठी नियमित व्हिसाचा दरवाजा उघडायचा. पहिल्या पानानंतर तात्पुरता अर्ज क्रमांक मिळतो, तो लगेच लिहून ठेवा. वीज गेली, इंटरनेट तुटले तरी त्या क्रमांकावर अर्ज पुढे भरता येतो. अंतिम सादर केल्यानंतर मात्र एक अक्षरही बदलत नाही. चूक सापडली तर नवा अर्ज भरायचा आणि जुना सोडून द्यायचा.

व्हिसाचा प्रकार ‘एन्ट्री’ आणि हेतू ‘भारतीय नागरिकाची पत्नी किंवा पती’ असा निवडा. घाईत ‘मित्र-नातेवाइकांची भेट’ निवडली गेली तर पर्यटक व्हिसा मिळतो.

काही रकान्यांकडे नीट लक्ष द्या. पूर्वीच्या भारतीय व्हिसाचा क्रमांक विचारतात. जुन्या पासपोर्टवरचा असला तरी तो शोधून भरा, कारण मागच्या अर्जातली माहिती यंत्रणेत असते. मागच्या दहा वर्षांत भेट दिलेले देश आणि मागच्या तीन वर्षांत पाहिलेले सार्क देश वेगवेगळे विचारलेले असतात. आई-वडील किंवा आजी-आजोबा यांचा पाकिस्तानशी संबंध होता का, हाही प्रश्न असतो. उत्तर खरे ते द्यावे. संदर्भ म्हणून दोन माणसे लागतात, एक भारतातला आणि एक श्रीलंकेतला. भारतातला संदर्भ म्हणून नवऱ्याचे किंवा सासऱ्यांचे नाव द्या आणि जो फोन खरोखर उचलला जातो तोच नंबर लिहा. पत्ता वीजबिलावर आहे तसाच लिहा, पिनकोडसकट. अर्जात कोथरूड, करारात कर्वेनगर आणि आधारवर गावचा पत्ता असेल तर पडताळणीला आलेल्या माणसाला तीन घरे शोधावी लागतात.

छायाचित्र दोन इंच बाय दोन इंच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोर, चष्म्याशिवाय. आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट फोटो उभा आयताकृती असतो, तो चालत नाही. स्टुडिओत ‘चौकोनी, भारतीय व्हिसाचा’ असे सांगून काढा.

छापलेल्या अर्जावर दोन ठिकाणी सही असते, फोटोखाली आणि शेवटच्या पानावर. दोन्ही सह्या पासपोर्टवरच्या सहीसारख्या हव्यात. लग्नाच्या नव्या नावाने सही करण्याचा मोह इथे आवरा.

सोबत लावायचे कागद

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक आणि दोन पाने कोरी. श्रीलंकेच्या राष्ट्रीय ओळखपत्राची प्रत. जुन्या कार्डावर नऊ आकडे आणि शेवटी एक अक्षर असते, नव्यावर बारा आकडे. अर्जात जो क्रमांक लिहाल त्याच कार्डाची प्रत लावा. जन्मदाखला आणि त्याचे इंग्रजी भाषांतर. विवाहाचा दाखला, श्रीलंकेचा असेल तर साक्षांकित. तिथल्या पत्त्याचा पुरावा म्हणून ग्राम निलधारींचे (गावपातळीवरच्या सरकारी अधिकाऱ्याचे) प्रमाणपत्र विभागीय सचिवांच्या प्रतिस्वाक्षरीसह तयार ठेवावे. पोलिसांचा चारित्र्याचा दाखलाही काढलेला बरा, मागितला तर धावपळ होत नाही.

भारतीय जोडीदाराकडून पासपोर्टची प्रत हवी, पहिले आणि शेवटचे पान दोन्ही. पासपोर्ट नसेल तर आधी तो काढावा, नागरिकत्वाच्या पुराव्याला नुसते आधार कार्ड कमकुवत पडते. राहत्या घराचा पुरावा म्हणून वीजबिल आणि इंडेक्स टू, किंवा भाड्याचे घर असेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार. उत्पन्नासाठी सहा महिन्यांचे बँकेचे विवरण आणि पगारपत्रके.

याखेरीज नवऱ्याचे एक पत्र लागते आणि ते लिहिण्यात बहुतेक जण चूक करतात. प्रेम कसे जुळले याची दोन पाने नकोत. लग्नाची तारीख आणि नोंदणीचा क्रमांक, पत्नीचा पासपोर्ट क्रमांक, ती कोणत्या पत्त्यावर राहील, तिच्या खर्चाची जबाबदारी कोणाची, आणि किती वर्षांचा व बहुप्रवेशी व्हिसा हवा, एवढेच लिहा. मुदत स्वतःहून मागावी. एन्ट्री व्हिसा पाच वर्षांपर्यंत देता येतो, पण पहिल्या खेपेला कमी मुदतीचा मिळाला तर तो नकार समजू नये. लग्नाचे आणि दोन्ही घरांसोबतचे चार-सहा फोटो मागे तारखा लिहून जोडा, अल्बम नको.

कागद व्हिसा अर्ज केंद्रात देताना मूळ प्रती दाखवाव्या लागतात, म्हणून सून स्वतः गेलेली बरी. मुलाखतीला बोलावले तर साधे प्रश्न असतात: ओळख कशी झाली, सासरी कोण कोण आहे, नवरा काय करतो, घर कुठे आहे. दोघांनी अर्ज एकत्र बसून वाचलेला असला की पुरे. पाठ केलेली उत्तरे लगेच ओळखू येतात.

स्टिकर हातात आल्यावर

पासपोर्ट परत मिळाला की खिडकीपासून हलण्याआधी स्टिकर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रकार, प्रवेश एकच की अनेक, आणि मुदत. मुदत व्हिसा दिल्याच्या तारखेपासून सुरू होते, भारतात उतरल्यापासून नाही. त्याखालची शेऱ्याची ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘आगमनानंतर १४ दिवसांत नोंदणी करावी’ असे असेल तर लांब मुक्कामाची परवानगी आहे आणि नोंदणी सक्तीची आहे. ‘एका वेळचा मुक्काम १८० दिवसांहून जास्त नसावा’ असे असेल तर तेवढ्या दिवसांत बाहेर पडणाऱ्याला नोंदणी लागत नाही; जास्त राहायचे असेल तर १८० दिवस भरण्याआधी अर्ज करावा लागतो. या दोन ओळींची गल्लत झाल्याने दंड भरणारी कुटुंबे पुष्कळ.

पहिले २४ तास, पहिले १४ दिवस

परदेशी माणूस घरी मुक्कामाला आला की घर ज्याच्या नावावर आहे त्याने २४ तासांत ऑनलाइन माहिती द्यायची असते. ‘फॉर्म सी’ म्हणतात तो हाच. हॉटेलवाल्यांनाच तो लागतो असा गैरसमज आहे. सासऱ्यांच्या घरी आलेल्या सुनेसाठीही तो भरायचा असतो. सासऱ्यांच्या नावाने खाते उघडण्याचे काम ती येण्याच्या आठवडाभर आधीच उरकून घ्या.

नोंदणी ई-एफआरआरओ या संकेतस्थळावर होते (एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणारे कार्यालय). २०१८ पासून बहुतेक काम घरबसल्या होते, बोलावले तरच कार्यालयात जायचे. मुंबईत एफआरआरओचे कार्यालय आहे; इतर जिल्ह्यांत पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक कार्यालयातला परकीय नागरिकांचा विभाग हे काम पाहतो. पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावरचा आगमनाचा शिक्का, फॉर्म सी, घराचा पुरावा, विवाहाचा दाखला, नवऱ्याचा पासपोर्ट आणि हमीपत्र अपलोड करायचे. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असा हवा. मोबाइलने काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो परत येतात आणि १४ दिवसांतले चार वाया जातात. कागदात उणीव असेल तर ई-मेल येतो, म्हणून रोज उघडला जाणारा ई-मेल द्या, सायबर कॅफेवाल्याचा नव्हे.

पोलीस पडताळणीला घरी येतात तेव्हा दोघेही घरी असावेत. शेजारी, सोसायटीचा वॉचमन यांना सून परदेशी आहे हे माहीत असू द्या. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

नोंदणी झाल्यावर घर बदलले, पासपोर्ट नवा काढला किंवा मुदतवाढ हवी असली तर सारे याच खात्यातून करायचे. मुदतवाढीचे कागद दोन महिने आधी गोळा करायला घ्या. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला असून मुदत उलटून राहणे, नोंदणी न करणे यांवर त्याखाली कारवाई होते.

सदिच्छेने होणाऱ्या चुका

सून आली की घरचे तिला आपले मानून प्रत्येक ठिकाणी तिचे नाव घालू पाहतात. भावना चांगली आहे, पण त्यातून मोठे नुकसान होते.

मतदारयादी आणि रेशनकार्ड भारतीय नागरिकांसाठी आहे. गावातला कार्यकर्ता ‘वहिनींचे नाव टाकून देतो’ म्हणाला तरी ठामपणे नाही म्हणा. खोट्या घोषणेचा गुन्हा तर होतोच, पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो कागद आडवा येतो. आधार मात्र तिला कायदेशीर मिळते: मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहणे झाले की परदेशी रहिवासी म्हणून अर्ज करता येतो. त्या आधारची मुदत व्हिसाशी बांधलेली असते.

फ्लॅटच्या करारात तिचे नाव सहमालक म्हणून घालू नका. श्रीलंकेसह काही देशांच्या नागरिकांना भारतात स्थावर मालमत्ता घ्यायला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय चालते ते फक्त पाच वर्षांपर्यंतचे भाडेपट्टे. ओसीआय झाल्यावर ही अडचण सुटते, पण शेतजमीन ओसीआयधारकालाही विकत घेता येत नाही. त्यामुळे सातबारावर तिचे नाव चढवण्याचे बेत आखू नयेत.

नोकरीचेही तसेच. व्हिसावर नोकरीस मनाई असल्याचा शेरा असेल तर एफआरआरओची परवानगी घेतल्याशिवाय शाळेत, पार्लरमध्ये किंवा घरून पगारी काम सुरू करू नये.

बाळ होणार असेल तर

या एका गोष्टीकडे कोणी वेळेत पाहत नाही, म्हणून ती जोर देऊन सांगतो. भारतात जन्मलेले मूल जन्मतः भारतीय ठरायला आई-वडिलांपैकी एक भारतीय असावा लागतो आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून हा नियम आहे. बाळंतपणाच्या गडबडीत सुनेचा व्हिसा संपला, ‘नंतर बघू’ म्हणून राहिला, तर प्रश्न तिच्यापुरता राहत नाही, बाळाच्या नागरिकत्वावर येतो. सातवा महिना लागण्याआधी व्हिसाची तारीख पाहा आणि गरज असेल तर लगेच मुदतवाढ मागा.

बाळंतपण माहेरी, श्रीलंकेत होणार असेल तर जन्माची नोंद तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात एका वर्षाच्या आत करावी, आणि तोवर बाळाचा श्रीलंकेचा पासपोर्ट काढू नये. नोंदणीच्या वेळी मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे लिहून द्यावे लागते.

दोन वर्षांनंतर

लग्नाची नोंद होऊन ते सलग दोन वर्षे टिकले असेल तर परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. दोन वर्षे मोजायची ती अर्जाच्या लगेच आधीची. अर्जदार, तिचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक राहिलेले नसावेत. शुल्क भारतात १५,००० रुपये, परदेशात २७५ अमेरिकी डॉलर. लग्नाच्या आधारावरच्या अर्जाला सुरक्षा तपासणी असते आणि पोलीस पुन्हा घरी येतात, म्हणून पहिल्या वेळच्या साऱ्या कागदांची फाइल जपून ठेवा. कार्ड मिळाल्यावर व्हिसा, मुदतवाढ आणि नोंदणी यांतून सुटका होते. घटस्फोट झाला तर मात्र हे कार्ड रद्द होऊ शकते.

नागरिकत्व हवे असेल तर भारतात सात वर्षांचे वास्तव्य लागते: अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे. त्यासाठी आगमन-निर्गमनाचे शिक्के असलेले जुने पासपोर्ट पुराव्याला लागतात. श्रीलंकेचा नवा पासपोर्ट काढताना जुना परत मागून घ्या. आणि ओसीआयचा असो की नागरिकत्वाचा, अर्ज प्रलंबित आहे म्हणून राहण्याची परवानगी आपोआप चालू राहत नाही. निकाल लागेपर्यंत चालू व्हिसाची मुदतवाढ वेळेवर घेत राहावी लागते.